वजनाचं भाडं आणि किमतीचा विमा

मंडळी, विकलेली नाणी टपालानं किंवा कुरिअरनं स्वस्तात आणि सुखरूप कशी पाठवायची, हा आजचा विषय. पण सुरुवात नाण्यांऐवजी विटांपासून करतो. १९१६ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात, व्हर्नल या गावी बँकेची इमारत बांधायची होती. विटा आणायच्या होत्या सॉल्ट लेक सिटीहून, आणि मालवाहतूकदारांचं भाडं होतं अवाच्या सवा. कोल्टहार्प नावाच्या एका व्यापाऱ्यानं टपालखात्याचं दरपत्रक काढून पाहिलं. पार्सल सेवा १९१३ मध्येच सुरू झालेली. दर नकाशावरच्या सरळ अंतराचा. प्रत्यक्षात माल रेल्वेनं आणि गाड्यांनी लांबच्या वळशानं जायचा, पण त्याचे पैसे कुणी मागत नव्हतं. या गृहस्थानं विटा ५० पौंडांच्या मर्यादेत बसतील अशा बांधल्या आणि टपालानं मागवल्या. पोस्टवाल्यांची कंबर मोडली. शेवटी खात्याला नियम काढावा लागला, की एकानं दुसऱ्या एकाला दिवसाला २०० पौंडांपेक्षा जास्त माल पाठवायचा नाही.

कोल्टहार्पनं ओळखलं ते एवढंच: आपल्या मालात जे जास्त आहे, त्याचे पैसे न लावणारं दरपत्रक शोधायचं. नाणी विकणाऱ्यानं हेच करायचं असतं.

आता आपल्या मालात जास्त काय आहे? वजन. तांबं-निकेलची घनता पाण्याच्या जवळजवळ नऊ पट, चांदीची साडेदहा पट. मधल्या फटी, कागद, पुठ्ठा हे सगळं धरूनही लिटरभर जागेत पाच-साडेपाच किलो नाणी सहज मावतात. एक टन नाणी मीटर-सव्वा मीटरच्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळीवर, पसरली तर वीतभर उंचीसुद्धा भरत नाही.

कुरिअर कंपन्यांचा हिशेब याच्या नेमका उलटा. त्या खरं वजन बघतात आणि आकारावरून काढलेलं व्हॉल्युमेट्रिक वजनही बघतात. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. दहा किलो नाणी साधारण दोन लिटरच्या खोक्यात बसतात, म्हणजे हे वजन आलं ०.४ किलो. उशा पाठवणाऱ्याला या सूत्राची धास्ती. आपल्याला त्याचा त्रासही नाही आणि फायदाही नाही. बिल दहा किलोचंच येणार.

म्हणून खोक्यावर ठरलेला दर, ज्याला फ्लॅट रेट म्हणतात, तो नाणीवाल्यांचा लाडका. अमेरिकन टपालाच्या फ्लॅट रेट खोक्यांना देशांतर्गत मर्यादा ७० पौंडांची, म्हणजे ३१ किलोंच्या वर. त्यातला सगळ्यात छोटा खोका जेमतेम सव्वा लिटरचा, पण नाण्यांनी भरला तर सहा किलोंच्या घरात जातो. पुस्तकाएवढी वस्तू उचलायला गेलेला पोस्टमन दचकतो, ते याचमुळे. पण तोच छोटा खोका परदेशी पाठवायचा झाला, की मर्यादा एकदम ४ पौंडांवर येते. लॉट, म्हणजे एकत्र विकायच्या नाण्यांचा गठ्ठा, विकताना देशातला दर डोक्यात धरायचा आणि गिऱ्हाईक परदेशातलं निघायचं, यात नफा कुठल्या कुठे जातो.

जिथे फ्लॅट रेट नाही, तिथे वजनाचे टप्पे असतात. टप्पा पार्सलच्या एकूण वजनावर लागतो, नुसत्या नाण्यांच्या नाही. पुठ्ठा आणि चिकटपट्टी मिळून दोनशे ग्रॅम सहज भरतात. पाच किलोच्या टप्प्यात बसवायचं असेल, तर लॉटच पावणेपाचचा करा. साधारणपणे पहिला टप्पा महाग आणि पुढचे स्वस्त असतात, त्यामुळे दोन लहान पार्सलांपेक्षा एक मोठं परवडतं.

हे झालं वजनाचं. किमतीचा हिशेब वेगळ्या वहीत मांडायचा, आणि इथे पुष्कळ जण गल्लत करतात. १९५८ साली अमेरिकन जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी सुप्रसिद्ध होप हिरा स्मिथसोनियन संग्रहालयाला साध्या रजिस्टर्ड टपालानं पाठवला. एकूण खर्च १४५ डॉलर २९ सेंट. त्यातलं टपालाचं भाडं २ डॉलर ४४ सेंट. बाकी सगळा विमा. किलोवर विकल्या जाणाऱ्या मिश्र परदेशी नाण्यांचं चित्र याच्या अगदी उलट: भाडंच लॉटची किंमत खाऊन टाकतं, विमा नावापुरता. चांदीची नाणी मधे कुठेतरी. तेव्हा ‘स्वस्तात कसं पाठवायचं’ या प्रश्नाला दोन मालांसाठी एकच उत्तर देणारा माणूस भेटला, तर त्याचं ऐकू नका.

कुरिअरकडे जाण्याआधी निषिद्ध वस्तूंची यादी मात्र वाचा. अनेक कंपन्या चलन आणि नाणी घेत नाहीत, किंवा घेतल्या तरी भरपाई देत नाहीत. पार्सल हरवलं की मग विम्याचा कागद नुसता कागद. टपालाचा आंतरराष्ट्रीय नियमही आहे, की नाणी विमा न उतरवलेल्या पत्रांतून पाठवायची नाहीत. जुन्या नाण्यांना काही देशांत निर्यातीची परवानगी लागते, तेही आधी विचारून घ्यावं. पार्सलमध्ये काय आहे ते सांगणाऱ्या कस्टम्सच्या फॉर्मवर ‘धातूच्या चकत्या’ वगैरे लिहिण्याची हुशारी करू नका. दावा तिथेच बाद होतो.

आता बांधणी. मी यावर जास्त बोलणार आहे, कारण स्वस्त भाड्याचे वाचलेले पैसे इथेच जातात. जड पार्सलचा शत्रू बाहेर नसतो, आत असतो. खोका कट्ट्यावर आपटला की सहा किलोंचा गठ्ठा आतून कोपऱ्यावर घणासारखा बसतो. बबल रॅप इथे कुचकामी. पहिल्याच दणक्याला फुगे फुटतात. थर्मोकोलच्या गोळ्या तर विसराच, नाणी त्यांतून थेट तळाला जातात. नाणी रोलमध्ये, म्हणजे कागदाच्या गुंडाळीत, किंवा नळीत भरा, वर उरलेली फट कागदानं ठासून भरा, रोलला आडवी-उभी पट्टी मारा. सगळे रोल जाड कापडी पिशवीत आवळून बांधा, म्हणजे खोका फाटला तरी माल विखुरत नाही. मग दुहेरी थराच्या पुठ्ठ्याचा, अंगाबरोबर बसणारा खोका. सगळ्या कडांना चिकटपट्टी. हलवून पाहा: खुळखुळ आली तर उघडा आणि पुन्हा भरा. तो आवाज आत काय आहे ते वाटेतल्या प्रत्येकाला सांगत जातो. बाहेर नाण्यांच्या दुकानाचं नावही नको. चांगल्या नाण्यांना पीव्हीसी प्लास्टिकची मऊ पाकिटं वापरू नका. त्यांनी तांब्यावर हिरवी चिकट बुरशीसारखी पुटं चढतात.

आणि मर्यादा ३० किलोंची आहे म्हणून ३० किलो भरू नका. उचलणारा माणूस खोका हातात धरत नाही, सोडून देतो.

मगाशी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, गिऱ्हाईक म्हणालं ‘वजन कमी भरलं’ तर? काउंटरवर ग्रॅममध्ये वजन लिहिलेली पावती घ्या, सील केलेल्या कडांचे फोटो काढा आणि दोन्ही त्याच दिवशी गिऱ्हाइकाला पाठवा. पार्सल हातात पडलं की उघडण्याआधी त्यानं ते तोलायचं, हे सौदा ठरतानाच लिहून घ्या. दोन्ही वजनं जुळली तर वाद तुमचा आणि त्याचा. जुळली नाहीत तर टपालखात्याकडे दाव्याचा अर्ज, आणि त्याची मुदत बहुतेक ठिकाणी फार लांब नसते.