एक किडनी काढल्यावर दुसरी किती काम करील?

श्रोतेहो, नमस्कार.

किडनीत गाठ आहे, कॅन्सरची दिसते, किडनी काढावी लागेल. डॉक्टरांनी एवढं सांगितलं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "पण एका किडनीवर माणूस जगतो ना?" आणि उत्तर येतं, "जगतो की! किडनी दान करणारे नाही का जगत?" हे उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. दान करणारा माणूस पारखून घेतलेला असतो. त्याला मधुमेह नाही, लघवीतून प्रथिनं जात नाहीत, दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत, हे सगळं तपासून मगच त्याला टेबलावर घेतात. कॅन्सरच्या रुग्णाला असं कुणी पारखलेलं नसतं. तो बहुधा साठीच्या आसपासचा, बीपीच्या गोळ्या चालू, साखर थोडी वर, कधीकाळी मुतखडा होऊन गेलेला.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००६ साली ६६२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंतची, दोन्ही किडन्या जागेवर आणि रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल. तरीही त्यातल्या २६ टक्के लोकांच्या किडन्यांची गाळण्याची क्षमता ऑपरेशनच्या आधीच कमी झालेली होती.

क्रिएटिनिन नॉर्मल आणि किडनी कमजोर, हे कसं? क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होतं आणि किडनीवाटे बाहेर जातं. स्नायू कमी, तर क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं. मग किडनी मंदावली तरी आकडा फारसा चढत नाही. म्हणून वय आणि स्त्री की पुरुष हे धरून एक अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, त्याचा हा अंदाज. क्रिएटिनिन १.१ असलेला तीस वर्षांचा पुरुष घ्या, त्याचा ईजीएफआर ९० च्या वर येतो. तेच १.१ सत्तर वर्षांच्या आजींचं असेल, तर ५४ च्या आसपास. रक्ताचा आकडा एकच, पण किडनीची ताकद जवळजवळ निम्मी. आणि आजी फारच किरकोळ अंगाच्या असतील, तर ५४ सुद्धा फुगवलेला निघू शकतो. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी उपयोगी पडते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

आता मुख्य गोष्ट. ऑपरेशननंतर ईजीएफआर किती राहील, हे आधी सांगता येतं का? बऱ्यापैकी येतं, आणि हिशेब इतका सोपा आहे की घरी बसून करावा. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या, मी सावकाश सांगतो.

दोन आकडे लागतात. पहिला म्हणजे आजचा ईजीएफआर. दुसरा म्हणजे एकूण कामातला किती वाटा राहणारी किडनी करते. हा वाटा डीटीपीए स्कॅनमध्ये, म्हणजे प्रत्येक किडनी किती काम करते ते वेगवेगळं दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये मिळतो. सीटी स्कॅन झालेलाच असेल, तर दोन्ही किडन्यांच्या निरोगी भागाचं आकारमान मोजूनही तो काढता येतो, आणि अंदाजासाठी ही पद्धत डीटीपीएइतकीच, किंबहुना थोडी सरसच ठरली आहे. ईजीएफआरला या वाट्याने गुणायचं. मग आलेल्या उत्तराला सव्वाने गुणायचं. सव्वा का, तर जोडीदार गेल्यावर उरलेली किडनी काही आठवड्यांत आपलं काम साधारण पाव पटीनं वाढवते. हे सूत्र अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी मांडलं.

उदाहरण घेऊ. एका गृहस्थांचा ईजीएफआर ७०. स्कॅन सांगतो, गाठ असलेली किडनी ४० टक्के काम करते, चांगली ६० टक्के. ७० चे ६० टक्के म्हणजे ४२. ४२ ची सव्वापट म्हणजे साडेबावन्न. ठीक आहे, निभेल.

दुसरे गृहस्थ. यांचाही ईजीएफआर ७०, वयही तेच. पण जी किडनी राहणार, ती जुन्या मुतखड्यानं अडून आकसलेली, तिचा वाटा फक्त ३५ टक्के. ७० चे ३५ टक्के साडेचोवीस, आणि त्याची सव्वापट म्हणजे जेमतेम ३१. दोघांचे रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर काडीचा फरक दिसणार नाही. एकाला ऑपरेशननंतर आपली किडनी गेली हे आठवणारही नाही, दुसरा मात्र कायमचा किडनीच्या डॉक्टरांच्या दारात.

म्हणून माझा आग्रह असा, की ऑपरेशनच्या सहीआधी "क्रिएटिनिन किती?" एवढ्यावर थांबू नका. "राहणाऱ्या किडनीचा वाटा किती?" हे विचारा. हा प्रश्न विचारला म्हणून कुठलाही चांगला सर्जन रागावणार नाही. रागावला, तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

या हिशेबातून एक उलटी वाटणारी गोष्टही कळते. गाठ प्रचंड मोठी असेल, तर नातेवाईक किडनीच्या कामाबद्दल जास्त घाबरतात. खरं तर मोठ्या गाठीनं ती किडनी आधीच खाऊन टाकलेली असते आणि दुसरीनं भार उचललेला असतो. ती काढल्यानं ईजीएफआर थोडाच उतरतो. तीन सेंटिमीटरची इवलीशी गाठ आणि बाकी किडनी सुरेख, अशा ठिकाणी अख्खी किडनी काढली तर नुकसान जास्त. तिथेच फक्त गाठ काढून किडनी वाचवण्याचा विचार आधी करायचा.

मग नेहमी किडनी वाचवावीच का? इथे युरोपातली एक चाचणी आठवते. ५४१ रुग्ण, ५ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी. चिठ्ठी टाकावी तसं काहींची अख्खी किडनी काढली, काहींची फक्त गाठ. अख्खी काढलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के लोकांचा ईजीएफआर पुढे कधीतरी ६० च्या खाली, म्हणजे किडनी कमजोर धरतात त्या पातळीला गेला, गाठ काढलेल्यांपैकी ६५ टक्के लोकांचा. फरक मोठा आहे. पण १५ च्या खाली, म्हणजे डायलिसिसच्या उंबरठ्यावर, दोन्ही गटांत दीड टक्क्याच्या आसपासच पोचले. आणि गाठ काढलेले जास्त जगले, असंही दिसलं नाही. शस्त्रक्रियेनं कमी झालेली ताकद बऱ्याचदा तिथेच स्थिरावते; मधुमेहानं किंवा बीपीनं पोखरलेली किडनी मात्र घसरत राहते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच धरून चालतात. कॅन्सर आक्रमक दिसतो, फक्त गाठ काढणं अवघड आहे, दुसरी किडनी चांगली आहे, आधीचा किडनीविकार नाही, लघवीतून प्रथिनं जात नाहीत आणि नंतरचा ईजीएफआर ४५ च्या वर राहील असा अंदाज आहे, तर अख्खी किडनी काढणं रास्त. माझं मतही तसंच आहे. किडनी वाचवण्याच्या नादात कॅन्सर मागे ठेवणं शहाणपणाचं नाही.

या अंदाजाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. जर्मनीत हायडेलबर्गला १८६९ साली गुस्टाव्ह सिमोन या सर्जननं एका बाईंची किडनी ठरवून काढली. आजार कॅन्सरचा नव्हता, आधीच्या ऑपरेशनमध्ये मूत्रवाहिनीला इजा झाली होती. एक किडनी पुरते का, हे त्यानं आधी कुत्र्यांवर पडताळलं होतं. क्रिएटिनिनची तपासणी नाही, स्कॅन नाही. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या.

आता ऑपरेशननंतरचं. पहिल्या काही दिवसांत क्रिएटिनिन चढतं आणि घरात धावपळ उडते. तो आकडा अंतिम नसतो. एक ते तीन महिन्यांनी जो येईल, तो आपला नवा आकडा, आणि आपल्या हिशेबाशी तोच ताडून पाहायचा. चार-पाच अंक इकडेतिकडे झाले तर सूत्र चुकलं असं समजू नका. सूत्र फक्त तुम्ही कुठे उतराल ते सांगतं. दहा वर्षांनी कुठे असाल, ते बीपी, साखर आणि लघवीतली प्रथिनं ठरवतात. तेव्हा निदान वर्षातून एकदा रक्ताबरोबर लघवीही तपासून घ्या. ही तपासणी स्वस्त आहे आणि तरीही सर्रास राहून जाते.

गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद. कुणी दिलेली भस्मं आणि पुड्याही बंद. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात उलट्या-जुलाब झाले, तर एका किडनीच्या माणसानं "उद्या बघू" म्हणू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि पुढे कधी दात काढायचा असो की सीटी स्कॅन, नव्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच दोन गोष्टी सांगा, एक किडनी काढलेली आहे आणि शेवटचा ईजीएफआर इतका होता. कितीतरी औषधांचे डोस त्यावरून बदलतात.

नमस्कार.