पंचवीस हजार आणि लॅमिंग्टन रोड

[दृश्य: ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेची बाजू. शनिवारची सकाळ, जिन्यावर गर्दी.]

हा माझा भाचा. वय १७, बारावीला आहे. लालबागच्या चाळीत १० बाय १२ च्या खोलीत चौघं राहतात. दोन गणपती त्याने लायटिंगवाल्याच्या हाताखाली काम केलं, मे महिन्यात झेरॉक्सच्या दुकानात बसला, आईचे पोळीभाजीचे डबे सायकलवरून पोचवले. त्यातून साठलेले २५,००० रुपये आज त्याच्या पुढच्या खिशात आहेत. प्रभादेवीपासून इथपर्यंत स्लो लोकलमध्ये त्याचा हात त्या खिशावरून हललेला नाही.

त्याला गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर हवाय. "मामा, तू चल. मला एकट्याला बघून गंडवतील." म्हणून मी आलोय.

[दृश्य: रस्त्याची पाटी, मग दुकानांच्या रांगा, केबलींची भेंडोळी.]

पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तोंडात मात्र अजून लॅमिंग्टन रोड. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते, हे इथे कुणाला ठाऊक नसलं तरी कुठल्या गाळ्यात कुठला केबल मिळतो हे पोरासोरांनाही पाठ असतं.

हिशेब आम्ही घरूनच मांडून आणला होता. सगळं नवं घ्यायचं तर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि मॉनिटर यातच पैसे संपत होते, गेमचं चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला काही उरत नव्हतं. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला तर ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच येतं, हलके गेम छान चालतात. पण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधूनच उचलतं, म्हणून वेग मिळायला रॅमच्या दोन स्टिक जोडीने लावाव्या लागतात. आणि एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यापासून, म्हणजे २०२५ च्या अखेरीपासून, रॅमचे भाव भडकलेत.

मग उरतो तो जुना, भरवशाचा रस्ता. ऑफिसातून निघालेलं मशीन घ्यायचं आणि त्यात कार्ड बसवायचं. कंपन्या काही वर्षांनी कॉम्प्युटर बदलतात, जुने एकगठ्ठा विकतात, तो लॉट अशा गाळ्यांत येऊन पडतो. दिवसभर एक्सेल आणि ईमेल चालवलेली ही मशीनं असतात. बहुतेकांना फार ताण पडलेला नसतो.

पहिल्या दुकानात इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचं मशीन सात हजारांत मिळत होतं. भाच्याचे डोळे चमकले. मी थांबवलं. विंडोज ११ ला आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याचे मित्र जो व्हॅलोरंट खेळतात, तो विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या दोन सोयी असल्याशिवाय सुरूच होत नाही. चौथ्या पिढीत पाच हजार वाचले असते, आणि पोरगा सपोर्ट संपलेल्या विंडोज १० वर अडकला असता.

तिसऱ्या दुकानात आठव्या पिढीच्या आय५-८५०० चा टॉवर मिळाला. सहा कोअर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. १२,२०० ला तुटलं. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. बिल मागून घेतलं, तुम्हीही घ्या.

[दृश्य: काचेच्या काउंटरवर दोन ग्राफिक्स कार्ड शेजारी शेजारी.]

आता खरा प्रश्न. डावीकडे आरएक्स ५८०, आठ जीबीचं. उजवीकडे जीटीएक्स १६५०, चार जीबीचं. भाव जवळपास सारखा आणि डावीकडचं जास्त ताकदीचं. भाच्याचा हात तिकडेच गेला.

आरएक्स ५८० इतकं स्वस्त का मिळतं, तेही सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर आकडेमोड करून चलन कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभरच्या सेकंडहँड बाजारात आली. त्यातली पुष्कळ याच मॉडेलची. काही अजून ठणठणीत आहेत. पण हे कार्ड १८५ वॅट खातं आणि आमच्या टॉवरमधला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, आहे २६० वॅटचा. त्याला कार्डासाठीची वेगळी वायरसुद्धा नाही. दुकानदार म्हणाला, "सातशे रुपयांत लोकल एसएमपीएस टाकून देतो."

इथे मी ऐकलं नाही. कॉलेजात असताना माझ्या पहिल्या मशीनला मी असाच एक स्वस्त एसएमपीएस लावला होता. डब्यावर ५०० वॅट लिहिलेलं. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी फट् आवाज झाला, खोलीभर जळका वास आला. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली, तिच्यातला सगळा प्रोजेक्ट गेला. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून ते मशीन घेतलं होतं. त्या रात्री ते मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मला अजून लागतं. पैसे कमी असतील तर कॅबिनेट जुनं घ्या, कीबोर्ड कुणाचा तरी वापरलेला घ्या, रंगीत दिव्यांचे पंखे तर घेऊच नका. पण घरातली वीज ज्या डब्यातून प्रत्येक भागाला जाते, तो डबा चांगला घ्या.

जीटीएक्स १६५० ला ७५ वॅट पुरतात, आणि तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. काही मॉडेलना सहा पिनांची वायर लागते, म्हणून कार्डाची कड बघून घ्यायची. आम्ही बिनवायरचं निवडलं.

[दृश्य: कार्ड हातात, जवळून. पंख्याची पाती, स्क्रू, पट्टी.]

हे जवळून बघा. स्क्रूच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे असतील तर कार्ड उघडलेलं आहे. पट्टीवर गंज चढला असेल तर ते समुद्राच्या हवेत उघड्यावर पडलेलं आहे. पंखा बोटाने हळूच फिरवा, पातं डगमगलं तर बेअरिंग गेलेलं. आणि मग दुकानातच, पैसे देण्याआधी, पंधरा मिनिटं फरमार्क चालवा, म्हणजे कार्डाला पुरता ताण देणारा प्रोग्रॅम.

पहिलं कार्ड सहाव्या मिनिटाला बिघडलं. स्क्रीनवर हिरवे ठिपके उमटले, भरड मिठासारखे. मेमरी गेलेली. दुकानदाराने काही न बोलता ते काढलं आणि दुसरं लावलं. दुसऱ्याचं तापमान ७१ अंशांपर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. ६,८०० रुपये. त्यावर आठ जीबीची जुनी रॅम स्टिक २,९००, बावीस इंची मॉनिटर २,५०० आणि कीबोर्ड-माऊसची जोडी ३००. एकूण २४,७००. उरलेल्या तीनशेत दोघांनी मिसळ खाल्ली आणि टॅक्सी केली, कारण मॉनिटर घेऊन लोकलमध्ये चढणं शक्य नव्हतं.

[दृश्य: चाळीतली खोली. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर उघडा टॉवर.]

प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून मसुराएवढा नवा थेंब लावला. कार्ड बसवलं, रॅम बसवली, बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळीच.

भाच्याचा चेहरा उतरला. दारात शेजारची दोन पोरं उभी होती, तीही गप्प झाली. मी त्याला म्हटलं, "तुझं खोडरबर आण."

जुन्या रॅमच्या सोनेरी दातांवर मुंबईच्या दमट हवेने पातळ थर धरतो, आणि मग कॉन्टॅक्ट नीट होत नाही. त्याने कंपासपेटीतलं खोडरबर काढलं, दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासलं, कोरड्या रुमालाने पुसलं, आणि टक् आवाज येईपर्यंत स्टिक दाबून बसवली. मी हात लावला नाही. पुन्हा बटण. या वेळी स्क्रीनवर अक्षरं आली.

ताई गॅस बारीक करून बघायला आली. "लागलं का रे?" एवढंच विचारलं.

रात्री साडेनऊला जीटीए ५ सुरू झाला. १०८० पिक्सेलवर, सेकंदाला साठ फ्रेमच्या वर. अकराला अंथरुणं टाकायची म्हणून मॉनिटर कपाटावर गेला आणि टॉवर खाटेखाली, मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब ठेवून, म्हणजे हवा खेळेल.

[दृश्य: वहीचं शेवटचं पान. पेनाने लिहिणारा हात.]

झोपण्याआधी त्याने वहीत दोन ओळी लिहिल्या. दिवाळीपर्यंत: एसएमपीएस, चांगल्या कंपनीचा, ५५० वॅट. खाली: या मदरबोर्डला कनेक्टर वेगळा आहे का, मामाला विचारणे.