हात बसण्याआधी चारशे हॉर्सपॉवर

[दृश्य: ओला सराव ट्रॅक, वरून]

ट्रॅकवर मुद्दाम पाणी सोडलंय. स्टीअरिंगवर एकोणीस वर्षांचा मुलगा, लायसन्स नवं कोरं. शेजारी प्रशिक्षक. गाडी चारशे हॉर्सपॉवरची, आणि ही सगळी ताकद जाते मागच्या चाकांना.

[दृश्य: पायाजवळचा कॅमेरा]

वळण अजून संपलेलं नाही आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबला. फार नाही, बोटभर. मागची चाकं जागीच गरगरली, गाडीची शेपूट बाहेर गेली. तो दचकला, पाय झटकन काढून घेतला. नेमकं तेच नडलं. पाय सुटताच वजन पुढच्या चाकांवर आलं, मागची हलकी झाली, उरलीसुरली पकडही गेली. गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने थांबली.

पुढच्या खेपेला शेपूट गेली त्या बाजूला त्याने स्टीअरिंग वळवलं. बरोबर वळवलं. पण चाकांनी पुन्हा रस्ता धरला त्या क्षणी ते सरळ करायचं राहिलं, आणि गाडी दुसऱ्या बाजूला फेकली गेली, आधीपेक्षा जोरात. इथे कडेला मोकळं मैदान आहे. रस्त्याच्या कडेला झाड असतं, खांब असतो, पायी चालणारी माणसं असतात.

[दृश्य: मुलाचे डोळे, जवळून]

नजर बघा. बॉनेटच्या जरा पुढे खिळलेली. प्रशिक्षक एकच सांगतायत: लांब बघ. बहुतेक नवशिक्यांची नजर अशी जवळ असते. लांबचं हेरायची सवय गाडी चालवूनच लागते, आणि तिला वेळ लागतो.

आता स्टॅबिलिटी कंट्रोल चालू केलं. तेच वळण, तीच चूक, आणि गाडी सरळ! संगणकाने चाकांना वेगवेगळा ब्रेक लावला, इंजिनची ताकद कापली. १९९५ साली महागड्या गाड्यांतून आलेल्या या सोयीने फार जीव वाचवलेत. पण मुलाला वाटतं, आपल्याला जमलं. जमवलं गाडीने. टायरची पकडच पुरणार नाही इतका वेग असला, तर संगणकाच्याही हातात काही राहत नाही. आणि बऱ्याच वेगवान गाड्यांत ही सोय बंद करायचं बटण चालकाच्या हाताशीच असतं.

[दृश्य: अंतर दाखवणारे शंकू]

ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी ४२ मीटर नुसते निघून गेले. वेग १५० केला, तर तो झाला दीडपट; ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर मात्र सव्वादोन पट. आणि या गाडीत बंद काचांआड दीडशे हे दीडशे वाटतच नाहीत. वेगवान इलेक्ट्रिक गाड्यांत तर इंजिनचा चढता आवाजही नाही, पाय टेकला की पूर्ण जोर हजर.

नवशिक्याला ताकद टप्प्याटप्प्याने द्यावी, हे मोटरसायकलच्या बाबतीत युरोपने केव्हाच ओळखलं. तिथे तरुणाला मोठी बाइक हवी असेल, तर साधारणपणे आधी दोन वर्षं ३५ किलोवॉटपर्यंतचीच, म्हणजे सुमारे ४७ हॉर्सपॉवरची, चालवावी लागते. मोटारींना असा टप्पा मोजक्याच ठिकाणी आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात नवशिक्यांच्या लायसन्सवर गाडीच्या वजनाच्या दर टनामागे १३० किलोवॉटहून (सुमारे १७५ हॉर्सपॉवर) जास्त ताकदीच्या गाड्यांना सहसा बंदी आहे. इटलीतही नव्या चालकांना ताकदीची मर्यादा आहे. इतर बहुतेक देशांत सकाळी छोट्या हॅचबॅकवर परीक्षा द्यायची आणि संध्याकाळी या चारशे हॉर्सपॉवरच्या गाडीत बसायचं. लायसन्स तेच. हे बदलायलाच हवं, आणि त्यासाठी नवा शोध लागायचा नाहीये.

[दृश्य: किल्ली, डॅशबोर्डचा पडदा]

कायदा येईल तेव्हा येईल. काही गाड्यांत आजही कमाल वेग आधीच बांधून देणारी वेगळी किल्ली किंवा सेटिंग असतं. मुलाच्या हाती गाडी देण्याआधी ते चालू करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.