दिवेलागणीचा पोपट

(सोलापुरातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'पोपटाच्या ओरडण्यावर उपाय'. उपाय सांगतो. पण आधी माझं एक म्हणणं ऐकून घ्या, कारण घरी ते कुणी ऐकत नाही. पोपट ओरडतो तो जातीनं. ओरडत राहतो तो मात्र घरच्यांच्या शिकवणीनं.

आमच्या व्याह्यांचंच बघा. इथंच सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, खाली माग, वर घर. मुलानं हौसेनं सन कॉन्युअर जातीचा पोपट आणला. पिवळाधमक, गालावर नारिंगी, शेपटीसकट जेमतेम फूटभर. मूळचा दक्षिण अमेरिकेचा आणि नशिबी आली टॉवेलच्या मागांची खटखट. तर हा पठ्ठ्या डिसेंबरात सहा वाजले की सुरू. गल्लीच्या तोंडाशी फोनवर बोलणारा माणूस "नंतर करतो ओ" म्हणून फोन ठेवतो, असा आवाज.

व्याही मला म्हणाले, "सर, सहाला याला काहीतरी दिसतं." विहीणबाईंनी तर मिरच्या ओवाळून चुलीत टाकलेल्या. ठसका आम्हाला! पक्ष्याला मिरची खाताना तिखट लागत नाही, खुशाल खातो. धूर मात्र त्याला फार वाईट. आणि नॉनस्टिकचा तवा गॅसवर कोरडा तापत राहिला तर त्या वाफेनं पक्षी मरतो. हे विषयाबाहेरचं आहे, पण लिहून घ्या.

असो. मी आपला खुर्ची टाकून नुसता बसलो. सहा वाजले. पक्षी ओरडला. आतून व्याही गरजले, "एऽ गप!" पुन्हा ओरडला. विहीणबाई भाकरीच्या पिठाच्या हातानंच आल्या, शेंगदाणा दिला, "घे बाबा, खा आणि गप बस." तिसऱ्यांदा ओरडला तसा नातू धावत आला आणि "रा, रा", म्हणजे तेलुगूत "ये, ये", करत पिंजऱ्यापुढं नाचायला लागला. पाच मिनिटांत आजोबांची हाक, आजीचा शेंगदाणा, नातवाचा नाच! मी त्याच्या जागी असतो तर साडेपाचलाच सुरुवात केली असती. (हशा)

व्याही म्हणतात, "मी तर रागावतो त्याला." रागावता हो, पण त्याच्या लेखी ते उत्तरच झालं. थव्यात राहणारा जीव आहे. पहाटे चरायला निघताना आणि दिवेलागणीला झाडावर उतरताना सगळे एकमेकांना हाका मारतात. आपल्याकडचे हिरवे पोपट काय वेगळं करतात? पिंजऱ्यातल्याचा थवा म्हणजे तुम्ही. मी मे महिन्यात पुन्हा गेलो, तर साहेब सात वाजता ओरडत होते. म्हणजे व्याह्यांचं भूत घड्याळ बघत नाही, सूर्य बघतं!

त्यात माग. भोवती गोंगाट वाढला की पक्षी आपला आवाज चढवतो. बजरीगर या छोट्या पोपटांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. तेव्हा दिवेलागणीला टीव्हीवरची सासू-सून मोठ्यानं भांडत असेल तर पोपटाला दोष देऊ नका.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. अध्यक्षांच्या प्रास्ताविकाला चिठ्ठी नव्हती. बरं, उपाय भरभर घ्या.

ओरडणं पूर्ण बंद होत नाही. सकाळ-संध्याकाळची थोडी हजेरी त्याला देऊ द्या. त्याआधीच दाणा, फळाची फोड, पुठ्ठ्यात गुंडाळलेला खाऊ ठेवा, चोच कामाला लागते. एक शीळ ठरवा. त्यानं हळू आवाज काढला की लगेच शिळेनं उत्तर द्या, जवळ जा. किंचाळला तर बघायचं नाही, बोलायचं नाही, खोलीत पाऊल टाकायचं नाही. गप्प झाला की मग जा.

सुरुवातीला ओरडणं वाढेल. नेमकं तिथंच घरचे हरतात आणि शेंगदाणा देतात. मग तो शिकतो की जास्त वेळ ओरडावं लागतं, एवढंच. मधूनमधून मिळणारा खाऊ रोजच्या खाऊपेक्षा सवय घट्ट करतो, म्हणून नातवासकट सगळ्यांचं एकमत हवं. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्या. मालिका संपेपर्यंत त्याला हॉलमध्ये जागवलंत तर तो चिडचिडा होणारच. पिंजऱ्यावर कापड घाला ते झोपेसाठी, शिक्षा म्हणून नको. आणि एकाएकी ओरडणं वाढलं किंवा बंदच झालं, पिसं फुगवून बसला, तर आधी पक्ष्यांचा डॉक्टर गाठा.

कायद्याचं राहिलं. विदेशी पोपटांपैकी बऱ्याच जातींची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. आपला हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट पाळणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे. मागच्या रांगेत दोघं एकमेकांकडं बघतायत, दिसतंय मला. घाबरून आज रात्रीच त्याला गच्चीवरून सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर खाणं शोधता येत नाही, मांजर ओळखता येत नाही. वनविभागाला कळवा, ते घेऊन जातात.