इंग्रजी कवितेतील अलंकार आणि सीमाभागातील विद्यार्थी

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या परिसरातील मराठी माध्यमाच्या शाळांत शिकणाऱ्या मुलामुलींशी आणि त्यांच्या इंग्रजीच्या शिक्षकांशी मी आज बोलणार आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात या दोहोंच्या जोडीला इंग्रजी अशा वातावरणात वाढणाऱ्या या मुलांनी इंग्रजी कवितेतील अलंकारांची धास्ती घ्यावी, असे मला मुळीच वाटत नाही. कारण ते अलंकार ओळखण्याचे साधन मराठी व्याकरणाने त्यांच्या हाती केव्हाच दिलेले आहे.

उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द हे उपमेचे चार घटक आपण मराठीच्या तासाला शिकतो, आणि कन्नड व्याकरणातही तेच चार घटक आहेत. इंग्रजीच्या तासाला मात्र ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसले की सिमिली, एवढाच नियम पुष्कळदा पाठ करून घेतला जातो. हा नियम फसवा आहे. ‘आय लाइक मँगोज’ या वाक्यात ‘लाइक’ हे साधे क्रियापद आहे. आणि एक भाऊ दुसऱ्याइतका उंच आहे असे सांगताना ‘ॲज’ दोनदा आला, तरी तिथे केवळ उंची मोजलेली असते, उपमा नसते. चार घटक शोधायची सवय लागलेला विद्यार्थी इथे चुकत नाही.

वर्ड्‌स्वर्थची १८०७ साली प्रसिद्ध झालेली डॅफोडिल फुलांवरची कविता आपण घेऊ. ‘आय वाँडर्ड लोनली ॲज अ क्लाउड’ या पहिल्या ओळीत कवी हा उपमेय, ढग हे उपमान, एकटेपणा हा साधारण धर्म आणि ‘ॲज’ हा साम्यवाचक शब्द. उत्तरपत्रिकेपुरते एवढे पुरेसे आहे. पण खानापूरच्या मुलाने इथे थोडे थांबावे, असा माझा आग्रह आहे. जुलैमध्ये कणकुंबीकडे आभाळ भरून येते, तेव्हा ढग कधी एकटा नसतो. सगळे आभाळच एकसंध काळे होऊन खाली उतरते. वर्ड्‌स्वर्थचा ढग मात्र दऱ्याडोंगरांवरून उंच, संथ तरंगत जाणारा एकुलता एक ढग आहे. हा फरक लक्षात आला, म्हणजे कवीने नेमके हेच उपमान का निवडले ते कळते, आणि एकट्या कवीसमोर एकदम नाचणाऱ्या फुलांचा थवा का येतो, तेही उमगते. त्या फुलांचे नाचणे ही चेतनागुणोक्ती, म्हणजेच पर्सॉनिफिकेशन.

साम्यवाचक शब्द गळून उपमेय आणि उपमान एकरूप झाले की रूपक होते. शेक्सपिअरच्या एका नाटकात सारे जग ही रंगभूमी ठरते, आणि मग माणसे नट होतात, जन्म हा प्रवेश होतो, मृत्यू हे निर्गमन होते. इंग्रजी समीक्षेत उपमेय आणि उपमान यांना ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ ही नावे आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९३६ साली दिली. आपल्या अलंकारशास्त्रात ही विभागणी त्याच्या कित्येक शतके आधीपासून आहे.

दोन ठिकाणी मात्र मराठीची सवय बाजूला ठेवावी लागते. पहिले ठिकाण अनुप्रासाचे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बहुधा एकच असल्यामुळे आपली मुले इंग्रजीतही अक्षर बघून अनुप्रास ठरवतात. ‘नाइफ’ आणि ‘काइट’ दोन्ही ‘के’ने सुरू होतात, पण त्यांत अनुप्रास नाही; ‘फोन’ आणि ‘फॅन’ यांची पहिली अक्षरे वेगळी असूनही त्यांत तो आहे. म्हणून इथे डोळ्यांवर विसंबू नये, कानांवर विसंबावे.

दुसरे ठिकाण वृत्ताचे. मराठीत आपण लघु-गुरू मांडून गण पाडतो. इंग्रजीत शब्दाच्या कोणत्या भागावर आघात येतो ते पाहावे लागते. शेक्सपिअरच्या सुनीतांत चौदा ओळी असतात आणि साधारणपणे प्रत्येक ओळीत दहा अवयव (म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे शब्दांचे भाग, सिलेबल) व पाच आघात असतात. ‘शॅल आय कम्पेअर दी टु अ समर्स डे’ ही ओळ मोठ्याने म्हणा: ‘कम्पेअर’मध्ये जोर दुसऱ्या भागावर पडतो, तर ‘समर्स’मध्ये पहिल्या. शिक्षकांनी ही ओळ फळ्यावर लिहिण्याआधी वर्गाकडून टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणून घ्यावी, आणि आघाताच्या खुणा त्यानंतरच मांडायला सांगाव्यात.