तपकिरी परत द्या

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला खेटून सॅन डिएगो नावाचं शहर आहे. तिथल्या बेसबॉल टीमचं नाव पाद्रेज. टीमचे चाहते काय मागतात, ते जगभर ठरलेलं असतं. कप जिंका, चांगले खेळाडू आणा, तिकिटं स्वस्त करा. पाद्रेजचे चाहतेही हे सगळं मागायचेच. पण त्याच्या जोडीला कितीतरी वर्षं त्यांनी आणखी एक मागणी लावून धरली होती: आमचा तपकिरी रंग आम्हाला परत द्या.

आता तपकिरी हा काही कुणी हट्टानं मागावा असा रंग नाही. साड्यांच्या दुकानातसुद्धा तो गठ्ठ्याच्या तळाशीच असतो. शिवाय या टीमनं त्याच्या जोडीला घेतला होता मोहरीसारखा गडद पिवळा. जुने फोटो पाहिले तर हसू येतं. 1972 साली तर खेळाडू टोपीपासून पँटपर्यंत जवळजवळ पिवळेधम्मक होते. तरीही लोकांना तेच हवं होतं. का हवं होतं, ते आज बघू या.

नावापासून सुरुवात करतो. पाद्रेज म्हणजे स्पॅनिशमध्ये पाद्री. 1769 साली हुनिपेरो सेरा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं सॅन डिएगोत मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचं ठाणं, स्थापन केलं. आज ज्याला आपण कॅलिफोर्निया राज्य म्हणतो, तिथलं ते पहिलं मिशन. या पंथाच्या पाद्र्यांचा झगा तपकिरी आणि कमरेला दोरी. टीमचं चिन्हही तेच: ढेरपोट्या, हसऱ्या चेहऱ्याचा एक पाद्री बॅट फिरवतोय. म्हणजे हा रंग कुणी फॅशन म्हणून आणलेला नव्हता, तो नावातूनच आला होता.

1969 साली पाद्रेज मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या बेसबॉलच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, आले आणि पहिल्याच वर्षी 110 सामने हरले. तुम्ही बरोबर ऐकलंत, एकशे दहा. बेसबॉलचा मोसम 162 सामन्यांचा असतो. साधारण एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज सामना. त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. रोज संध्याकाळी कामावरून घरी यायचं, टीव्ही लावायचा आणि समोर तेच कपडे दिसायचे. घरातल्या माणसांच्या अंगावरचे कपडे पाहावेत तसे सहा महिने चाहते ते पाहतात. बाह्यांची पट्टी अर्ध्या इंचानं बदलली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

बरं, बेसबॉलमध्ये टीमचा मॅनेजरसुद्धा खेळाडूंचाच पोशाख घालतो. फुटबॉलचा प्रशिक्षक कोट-टाय घालून उभा राहील, क्रिकेटचा ट्रॅकसूटमध्ये बसेल. बेसबॉलमध्ये मात्र साठी उलटलेला, पोट सुटलेला गृहस्थ पाठीवर नंबर लावून, पट्टा आवळून डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला टीम बसते त्या जागेत, उभा असतो. मला ही प्रथा फार आवडते.

तर पाद्रेज. पहिले सहाही मोसम ते आपल्या गटात तळाला होते. 1973 च्या अखेरीस टीम विकली जाऊन थेट वॉशिंग्टनला जाणार हे जवळपास ठरलं. टॉप्स कंपनीची खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं तिकडे मुलं जीव टाकून जमवतात. 1974 च्या त्या कार्डांच्या काही प्रतींवर सॅन डिएगोऐवजी वॉशिंग्टन छापूनही झालं होतं! आयत्या वेळी मॅकडोनाल्ड्सचे रे क्रॉक यांनी टीम विकत घेतली आणि ती गावातच राहिली. याच क्रॉकसाहेबांनी घरच्या मैदानावरच्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात टीमचा खेळ बघून चिडून मैदानावरच्या लाउडस्पीकरचा माइक हातात घेतला आणि हजारो लोकांसमोर आपल्याच खेळाडूंची खरडपट्टी काढली. मालकानंच असं केल्यावर प्रेक्षक खूश होणारच.

दहा वर्षांनी, 1984 साली, हीच तपकिरी टीम पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीपर्यंत, पोहोचली. क्रॉक त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. खेळाडूंच्या बाहीवर त्यांच्या नावाची तीन आद्याक्षरं शिवली होती. डेट्रॉइटकडून पाद्रेज हरले, पण शहरानं तो मोसम मनात जपून ठेवला.

आणि इतकं सगळं झाल्यावर 1991 साली तपकिरी रंगच काढून टाकला. त्याच्या जागी आला गडद निळा. सोबत आधी नारिंगी, मग 2004 साली नव्या स्टेडियमबरोबर वाळूचा रंग, मग नुसता निळा-पांढरा. गडद निळ्याला सॅन डिएगोत कारणही सांगता येतं, अमेरिकन नौदलाचा फार मोठा तळ तिथे आहे. पण खरी गोष्ट अशी की गडद निळा कुणालाही शोभतो, कुठल्याही जीन्सवर जातो, म्हणून खपतो. म्हणूनच तो सगळ्यांकडे आहे. न्यूयॉर्क यांकीजकडे आहे, बॉस्टनकडे आहे, डेट्रॉइटकडे आहे, सिएटलकडे आहे, मिनेसोटाकडे आहे. पाद्रेज वाईट दिसत नव्हते, पण लांबून पाहिलं तर कोण खेळतंय ते ओळखू यायचं नाही. चाहत्यांना सलत होतं ते हे. आमचा रंग दिसायला बेंगरूळ असेल, पण दुसऱ्या कुणाचा नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर मी या बाबतीत पूर्णपणे चाहत्यांच्या बाजूचा आहे. टीमचे कपडे सुंदर असलेच पाहिजेत असं नाही. ते ओळखू आले पाहिजेत.

पण चाहत्यांचं सगळंच खरं मानायचं कारण नाही. सॅन डिएगोतच एक मोठा गट असा होता, ज्याला 1998 चा निळा-नारिंगी हवा होता. त्या वर्षी टीम दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये गेली होती. आता हा गट कोणाचा? 1998 साली जे शाळेत होते, त्यांचा. आणि तपकिरीवाले बहुतेक 1984 साली शाळेत असलेले. टोनी ग्विन हा पाद्रेजचा सर्वांत लाडका खेळाडू. 1982 ते 2001 एकाच टीमकडून खेळला, 3,141 हिट्स मारल्या, म्हणजे तितक्या वेळा चेंडू टोलवून बेस गाठला. त्यानं तपकिरीही घातला आणि निळाही. त्यामुळे दोन्ही बाजू ग्विनचेच फोटो पुढे करायच्या! आपण दहा वर्षांचे असताना टीमनं जे घातलं होतं तेच अस्सल, असं प्रत्येकाला वाटतं. हे काही अमेरिकेपुरतं नाही. 1992 च्या वर्ल्ड कपमधली भारतीय टीमची ती गडद निळी, खांद्यांवर रंगीत पट्टे असलेली जर्सी आठवा. त्या स्पर्धेत आपण आठपैकी दोनच सामने जिंकलो, त्यातला एक पाकिस्तानविरुद्धचा. पण 2020 साली आपली टीम ऑस्ट्रेलियात तशीच जर्सी घालून उतरली, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतली मंडळी किती हळवी झाली होती!

योगायोग असा की त्याच 2020 साली पाद्रेजचा तपकिरी रंगही परत आला. घोषणा आदल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये झाली होती. घरच्या सामन्यांत पांढऱ्यावर तपकिरी रेघा, बाहेरच्या सामन्यांत वाळूच्या रंगाचं कापड, आणि तोच जुना पिवळा. लोकांनी टोप्या घेतल्या, शर्ट घेतले. आणि मग आला कोरोना. मार्चमध्ये सगळं बंद. मोसम सुरू झाला तो थेट जुलैत, 162 ऐवजी 60 सामन्यांचा, आणि स्टेडियममध्ये एकही प्रेक्षक नाही. इतकी वर्षं ज्यासाठी भांडले, ते चाहत्यांना घरी सोफ्यावर बसूनच बघावं लागलं. स्टेडियममधल्या खुर्च्यांवर त्यांच्या जागी पुठ्ठ्याचे कापलेले फोटो होते. त्यातच त्या ऑगस्टमध्ये पाद्रेजनं सलग चार सामन्यांत एकेक ग्रँड स्लॅम मारला. बेस म्हणजे धाव पुरी करताना वाटेत लागणारे टप्पे, आणि होमरन म्हणजे एकाच फटक्यात धाव पुरी. ग्रँड स्लॅम म्हणजे तिन्ही बेसवर आपले खेळाडू असताना मारलेला होमरन, एका फटक्यात चार धावा. सलग चार सामन्यांत असं मेजर लीगच्या इतिहासात कुणीच केलं नव्हतं. ते घडलं, तपकिरी कपड्यांत घडलं, आणि टाळ्या वाजवायला स्टेडियममध्ये कुणी नाही.

बाकीच्या शहरांचे किस्सेही बरेच आहेत, त्यातले दोन-चारच सांगतो. 1976 साली शिकागो व्हाइट सॉक्सचे मालक बिल व्हेक यांनी खेळाडूंना हाफ चड्डीत उतरवलं. बेसबॉलमध्ये बेस गाठायला मातीत घसरत जावं लागतं, तेव्हा उघड्या गुडघ्यांचं काय होईल ते सांगायला नको. तीन सामन्यांत तो प्रयोग आटोपला. 1979 साली फिलाडेल्फिया फिलीजनं शनिवारच्या सामन्यांसाठी नखशिखांत वांगी रंगाकडे झुकणारा लाल पोशाख काढला. मे महिन्यात तो एकदाच घातला, त्या सामन्यात 10-5 अशी हार झाली, आणि पोशाख पेटीत गेला तो गेलाच.

बॉस्टनचा किस्सा मात्र उलट्या दिशेनं गेला. बॉस्टन रेड सॉक्स, नावातच लाल मोजे. 2021 च्या एप्रिलमध्ये नायकी कंपनीनं त्यांना पिवळा शर्ट आणि आकाशी अक्षरं दिली. लाल रंगाचा ठिपकाही नाही! हे रंग घेतले होते बॉस्टन मॅरेथॉनचे. जुन्या चाहत्यांनी डोक्याला हात लावला. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टीम हे पिवळे कपडे घालून लागोपाठ जिंकत गेली, आणि बघता बघता लोक स्टेडियममध्ये पिवळे शर्ट घालून यायला लागले. जिंकल्यावर रंग डोळ्यांत भरायला लागतो, हे चाहत्यांनीही मान्य करायला हवं. तरी मला त्या पिवळ्यात एक गोष्ट पटते. मॅरेथॉन बॉस्टनची स्वतःची आहे, उसनी आणलेली नाही.

चाहत्यांचा खरा संताप झाला तो 2024 साली, आणि तिथे प्रश्न रंगाचा नव्हताच. नायकीनं सगळ्याच टीम्ससाठी नव्या हलक्या कापडाचे पोशाख आखले, फॅनॅटिक्स कंपनीनं ते शिवले. फेब्रुवारीत सराव शिबिरात खेळाडूंनी ते घातले आणि फोटो बाहेर आले. पाठीवरचं नाव इतक्या बारीक अक्षरांत, की वाटावं बाजारातली नक्कल आहे. पँट इतक्या झिरझिरीत, की आत खोचलेल्या शर्टाचं टोक बाहेरून दिसायचं. पुढे मोसम सुरू झाल्यावर करड्या शर्टांवर घामाचे मोठमोठे डाग, आणि शर्टाचा करडा एक, पँटचा करडा दुसरा. या वेळी चाहत्यांच्या बरोबरीनं खेळाडूही बोलले, त्यांच्या संघटनेनं प्रकरण लावून धरलं. शेवटी 2025 च्या मोसमापासून नावाची अक्षरं पुन्हा मोठी करण्याचं ठरलं. ज्या चाहत्यानं दीडशे डॉलरहून जास्त मोजून, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये घालून, बारीक अक्षरांचा शर्ट आधीच घेतला होता, त्यानं काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

न्यूयॉर्क मेट्सच्या चाहत्यांना 2023 साली बाहीवरच्या जाहिरातीच्या ठिगळानं सतावलं. जाहिरात एका इस्पितळाची, त्याला नाव ठेवायचं कारण नव्हतं. पण ठिगळ होतं लाल-पांढरं, आणि लाल-पांढरे म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी फिलाडेल्फियाचे रंग! मालक स्टीव्ह कोहेन यांनाही ते पटलं, आणि ठिगळ मेट्सच्या निळ्या-नारिंगी रंगांत बदलून आलं. म्हणजे जाहिरात आली याचा राग लोकांनी गिळला, पण शत्रूचा रंग अंगावर येतोय हे त्यांना सहन झालं नाही.

आता ओकलंडबद्दल सांगतो आणि थांबतो. ओकलंड ॲथलेटिक्स, हिरवा आणि सोनेरी रंग, 1968 पासून त्या गावात. मालकानं टीम लास व्हेगसला न्यायचं ठरवलं. चाहत्यांनी काय करावं? 13 जून 2023 या दिवशी त्यांनी बहिष्काराच्या उलट काम केलं. एरवी ओस पडलेलं स्टेडियम त्यांनी त्या संध्याकाळी भरून टाकलं. 27,759 लोक आले. चाहत्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलेले हिरवे शर्ट फुकट वाटले होते. त्यांवर टीमचं नाव नव्हतं, खेळाडूचंही नव्हतं. मोठ्या अक्षरांत एकच शब्द: विका. मालकाला उद्देशून, टीम विका आणि जा. रंग तोच, टीमचा हिरवा. टीम सामना जिंकली.

मालकानं विकली नाही. 2024 च्या सप्टेंबरात ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. व्हेगसचं स्टेडियम बांधून होईपर्यंत टीम सॅक्रामेंटो शहरात खेळते आहे, आणि नावात कुठल्याच गावाचा उल्लेख नाही, नुसतं ॲथलेटिक्स. 2025 च्या शर्टावर एका बाहीला सॅक्रामेंटोच्या पुलाचं चित्र लावलं, दुसऱ्या बाहीला लास व्हेगसचं नाव. रंग अजून तोच हिरवा-सोनेरी आहे. ओकलंडमध्ये ज्यांच्या कपाटात हिरवे शर्ट आहेत, त्यांतले काही जण ते अजून घालतात. फक्त आता त्यांवर लिहिलेलं असतं: विका.

नमस्कार.