पटाशीचे दात

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे ‘ॲमेझॉनचं माकड आणि ॲमेझॉनची खार’. पण आधी एक जुनं दुखणं सांगतो.

एका निसर्ग-प्रदर्शनात मोठा फलक होता. फोटो पिग्मी मार्मोसेटचा, खोडाला उभं चिकटलेलं, लांब शेपूट खाली लोंबतेय. आणि नाव काय? ‘ॲमेझॉनची चिमुकली खार’! मी संयोजकांना म्हटलं, अहो, हे माकड आहे. उत्तर आलं, “लहान मुलांना काय फरक पडतो, सर?” त्या वाक्याचा मला आजही राग येतो. फलकाला नाक लावून सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, “पण ही तर समोर बघतेय, आपल्यासारखी.” बरोबर! खारीचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, माकडाचे समोर. पोरीला जे दिसलं ते फलक करणाऱ्यांना दिसलं नाही.

गफलत का होते तेही सांगतो. हे माकड जेमतेम १२० ग्रॅमचं, आपल्या अंगणातल्या खारीएवढं. पायाचा अंगठा सोडला तर बाकी बोटांना नख्या, म्हणून खोडावर सरसर चढतं. आणि खातं काय? डिंक. पुढे बसलेल्या काकू, तुम्ही डिंकाचे लाडू करता ना? बाभळीला खाच पाडली की चीक पाझरतो, तसंच हे. वरचे दात सालीत रोवायचे, खालच्यांनी खरवडून भोक पाडायचं, पुन्हा पुन्हा येऊन चाटायचं. कुटुंबाच्या ठरलेल्या झाडाची अगदी चाळण झालेली असते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा घेतो.

त्याच जंगलात खरी बुटकी खार आहे, अवघी ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तिथलं सर्वांत छोटं माकड या खारीच्या तिप्पट भरतं! तीही सालच कुरतडते. दोघांच्या पटाशीच्या दातांची युक्ती एकच: कठीण एनॅमल पुढच्या बाजूला, मागची बाजू मऊ, म्हणून धार टिकते. पण खारीचे दात जन्मभर वाढतात, माकडाचे नाही. कामानं दात सारखे झाले, नात्यानं नव्हे. माकडांचे पूर्वज साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आफ्रिकेकडून समुद्रापार आले असं मानतात. खारी आल्या उत्तरेकडून.

आणि एक राहिलंच. २००३ साली जनुकांवरून खारींची वंशावळ मांडली गेली. त्यात फार पूर्वी वेगळ्या झालेल्या फांद्यांत एक निघाली या बुटक्या खारीची, दुसरी आपल्या भीमाशंकरच्या शेकरूच्या गटाची.

कवट्यांचे फोटो आणलेत. चहाच्या वेळी या, दात दाखवतो.